तलवार म्यान करताना

पहिल्या शनिवारी मी पाहिले ते एवढेच: ८२ वर्षांचे एक गृहस्थ लाकडी जमिनीवर बसले आणि पुन्हा उठले. काळ्या घेरदार वस्त्राचा घोळ त्यांनी हाताने अलगद मागे सारला, डावा गुडघा टेकवला, मग उजवा, पावले मागे सपाट केली आणि टाचांवर बसते झाले. कमरेला डाव्या बाजूस तलवार होती. काही क्षण ते समोरच्या भिंतीच्या पलीकडे पाहावे तसे पाहत राहिले. मग तलवार निघाली, हवेत दोनदा फिरली, पुन्हा म्यानात गेली आणि ते उभे राहिले. या सगळ्यात त्यांनी जमिनीला हात लावला नाही, कुणाचा आधार घेतला नाही आणि कसलीही घाई केली नाही.

मी भिंतीलगतच्या बाकावर बसून हे पाहत होते. माझे वय तेव्हा ६९ होते आणि दीड वर्षात मी एकदाही जमिनीवर बसले नव्हते.

हे स्थळ तोक्योच्या पूर्वेकडील एदोगावा प्रभागातले, निशी-कासाई या वस्तीजवळचे. संगणकक्षेत्रात काम करणारी भारतीय कुटुंबे या भागात मोठ्या संख्येने राहतात. त्यांत मराठी घरेही पुष्कळ आहेत, त्यामुळे भुयारी रेल्वेच्या फलाटावर अचानक मराठी कानी पडते आणि क्षणभर आपण कुठे आहोत याचा विसर पडतो. माझी लेक आणि जावई याच भागात राहतात. यजमान गेल्यानंतर लेकीने आग्रहाने मला बोलावून घेतले. पाहुण्यांना मिळतो तसा ९० दिवसांचा परवाना मिळाला आणि डिसेंबरच्या आरंभी मी साताऱ्याहून तिकडे गेले.

दर शनिवारी संध्याकाळी लेक एक लांब कापडी पिशवी खांद्याला लावून बाहेर पडे. त्या पिशवीत तलवार असते हे समजल्यावर मी दचकलेच. वडिलांचे दिवसकार्य आटोपून ती परत गेली आणि दीड महिन्याने हे शिक्षण तिने सुरू केले होते. ‘तलवारच कशाला?’ असे मी विचारले, तेव्हा ती म्हणाली, “आई, तिथे दोन तास कुणी कुणाला घाई करत नाही.” या उत्तराचा पुरता अर्थ मला पुढे दोन महिन्यांनी कळला.

या कलेचे नाव इआयदो. ‘इ’ म्हणजे असणे, जागच्या जागी स्थिर असणे. ‘आय’ म्हणजे जुळणे, समोर येईल त्याला त्या क्षणी योग्य तो प्रतिसाद देणे. आणि ‘दो’ म्हणजे मार्ग. तलवार म्यानात आहे, माणूस शांत बसला आहे आणि अशा अवस्थेत अचानक हल्ला झाला तर तलवार उपसण्याच्या क्रियेतूनच त्याला उत्तर द्यायचे, हा या विद्येचा गाभा आहे. सोळाव्या शतकात होऊन गेलेले हायाशिझाकी जिनसुके हे तिचे आद्य पुरुष मानले जातात. पुढे तिच्यातून अनेक परंपरा निघाल्या. १८७६ साली जपान सरकारने तलवार बाळगून वावरण्यास सामान्यतः बंदी घातली. त्यानंतर या विद्येचा व्यवहारातला उपयोग संपला. तरीही लोकांनी ती सोडली नाही. विसाव्या शतकात तिला इआयदो हे नाव रूढ झाले. अखिल जपान केंदो महासंघाने १९६९ साली सर्वांसाठी समान असे सात प्रकार निश्चित केले. पुढे १९८० मध्ये तीन आणि २००० मध्ये दोन जोडून आता ते १२ झाले आहेत.

सरावात समोर कुणीही नसते. प्रतिस्पर्धी कल्पनेतला असतो. तो किती उंच आहे, किती अंतरावर आहे, त्याचा हात कोणत्या क्षणी मुठीकडे गेला, हे सारे मनात स्पष्ट दिसावे लागते. बहुतेक विद्यार्थ्यांची तलवार जस्त आणि ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूची असते. तिला धार नसते, पण टोक लागू शकते. अगदी नवख्याला लाकडी तलवार देतात. धारदार पोलादी तलवार अनुभवी लोकांच्या हाती. त्या सभागृहात मारामारी नव्हती, स्पर्धेचा गलका नव्हता. गुडघ्यांवरचे घोळदार वस्त्र सरकल्याचा आवाज, पात्याने हवा चिरल्याची बारीक शीळ आणि मधूनच गुरुजींचे दोन शब्द, एवढेच ऐकू येई.

पहिल्या प्रकाराचे नाव ‘माए’, म्हणजे ‘समोर’. त्यात चार टप्पे आहेत. बसल्या जागेवरून उठता उठता तलवार उपसून पहिला आडवा वार. डोक्यावर उचलून दुसरा, सरळ खाली येणारा वार. पात्यावरचे रक्त झटकून टाकण्याची क्रिया. आणि शेवटी तलवार पुन्हा म्यानात घालणे. आरंभ अगदी सावकाश होतो, वेग हळूहळू चढतो आणि वार होतो तेव्हा तो विजेसारखा असतो. त्यानंतर पुन्हा सारे संथ होत जाते. बसताना डावा गुडघा आधी, उठताना उजवा पाय आधी, हा नियम कधी मोडत नाही. डाव्या कमरेला तलवार असलेल्या माणसाला त्याच क्रमाने उठता-बसताना ती सहज उपसता येते. शतकांपूर्वीची ती गरज आता सवय होऊन राहिली आहे.

बाकावर बसल्या बसल्या माझ्या मनात आपल्या घरातले उठणे-बसणे येत राहिले. जपानी लोकांची ती बैठक म्हणजे आपले वज्रासनच. लहानपणी आम्ही पाटावर जेवलो, उखिडवे बसून भांडी घासली, निवडणे-टिपणे जमिनीवर बसूनच केले. पुढे जेवणाचे टेबल आले, स्वयंपाकाचा ओटा आला, खुर्ची आली. यांत वाईट काही नव्हते. गुडघे दुखणाऱ्यांना तर ती सोयच झाली. पण जमिनीवरून उठण्याची जी ताकद दिवसातून वीस वेळा आपोआप वापरली जात होती, ती वापरायची राहून गेली. ती हरवल्याचे आपल्याला सहसा पडल्यावरच कळते.

मला ते कसे कळले, हे आता सांगितले पाहिजे.

यजमानांना सहा वर्षे कंपवाताचा आजार होता. औषधांनी हात बरेच सावरले होते, पण चालताना मध्येच पाय जमिनीला चिकटल्यासारखे होत. उंबरठ्यापाशी, वळताना, अरुंद जागेत आणि विशेषतः कुणी घाई केली की हे हमखास व्हायचे. डॉक्टरांनी मला हे नीट समजावून सांगितले होते. खुर्चीतून उठल्यावर लगेच चालू देऊ नका, रक्तदाब खाली येतो, थोडे थांबू द्या, असेही सांगितले होते. सहा वर्षे मी ते पाळले.

एका रविवारी संध्याकाळी सातला ते गॅलरीत आरामखुर्चीत बसले होते. आतल्या खोलीत फोन वाजू लागला. तो लेकीचा फोन होता. रविवारी सातला ती करायचीच. तिच्याकडे तेव्हा रात्रीचे साडेदहा झालेले असत. आठवड्यातून एकदाच निवांत बोलणे होई. मी म्हटले, “चला, चला, लवकर. पोरीचा फोन आहे.” दंडाला धरून मी त्यांना ओढूनच उभे केले. ते काही म्हणत होते, बहुधा ‘थांब’ म्हणत होते. फोन बंद पडेल म्हणून मी हात सोडला आणि आत धावले. मागे आवाज झाला. ते उंबरठ्यावर डाव्या कुशीवर पडले होते. मी गुडघे टेकून त्यांच्याजवळ बसले. त्यांना उचलणे तर दूरच, मला स्वतःलाच उठता येईना. फोन वाजून वाजून थांबला. शेजारची मंडळी आली तोवर आम्ही दोघेही जमिनीवरच होतो.

खुब्याचे हाड मोडले होते. शस्त्रक्रिया झाली. परंतु अंथरुणाला खिळल्यावर त्यांची प्रकृती उतरतच गेली आणि दहा आठवड्यांनी न्यूमोनियाने ते गेले. दुसऱ्या दिवशी लेकीला मी सांगितले की ते न्हाणीघरात घसरले. सगळ्यांना हेच सांगितले. तिचा फोन आणि ते पडणे, या दोन गोष्टी तिच्या मनात कधीही जोडल्या जाऊ नयेत म्हणून. त्या दिवसापासून मी जमिनीवर बसणे सोडले. गुडघे दुखतात असे कारण देत असे.

तिसऱ्या शनिवारी सराव संपल्यावर गुरुजी माझ्यापाशी आले. तेही सत्तरी ओलांडलेले होते. मला ते ‘ओकासान’ म्हणत, म्हणजे ‘आई’. आपल्या विद्यार्थ्याच्या आईला तिकडे असेच संबोधतात. लेक दुभाषी झाली. त्यांनी विचारले, “नुसते बसून आणि उठून पाहणार का?” मी गुडघ्यांचे कारण पुढे केले. त्यांनी मान डोलावली, एक खुर्ची आणून माझ्यासमोर ठेवली आणि त्या ८२ वर्षांच्या गृहस्थांकडे बोट केले. त्या गृहस्थांचा एक गुडघा बरीच वर्षे दुखरा होता, हे मला तेव्हा समजले. थंडी फार असली की ते बसण्याचे प्रकार करत नसत, उभ्याने करायचे प्रकारच करत. ठरलेल्या १२ प्रकारांपैकी तीनच टाचांवर बसून करायचे असतात, चौथा एक पाय उभा ठेवून बसण्याचा आणि उरलेले आठ उभ्याने करायचे. त्यांच्या वस्त्राखाली गुडघ्यांना जाड गाद्या बांधलेल्या होत्या. ज्या दिवशी जेवढे जमेल तेवढे करायचे आणि जे करायचे ते पूर्ण लक्ष देऊन, ही त्या सभागृहाची रीत होती.

लेकीने मला आधी एका भौतिकोपचारतज्ज्ञाकडे नेले. माझ्या गुडघ्यांत वयाची झीज होती, पण मुख्य अडचण मांड्यांच्या दुबळेपणाची आणि भीतीची होती. त्यांनी होकार दिल्यावर मी सुरुवात केली. पहिले दोन आठवडे फक्त खुर्चीवर बसणे आणि उठणे. खुर्ची भिंतीला टेकवलेली. पुढच्या कडेपर्यंत सरकायचे, पावले गुडघ्यांच्या किंचित मागे घ्यायची, कमरेतून पुढे झुकायचे, मग उठायचे. उठल्यावर दोन श्वास तिथेच थांबायचे. बसतानाही धपकन बसायचे नाही. दिवसातून तीनदा, प्रत्येक वेळी पाच उठाबशा. नंतर घडीच्या जाड रजईवर एक गुडघा टेकवणे, दोन्ही हात खुर्चीवर. त्यानंतर दोन्ही गुडघे. जानेवारीच्या शेवटी मी खुर्चीला एक हात लावून जमिनीवर बसले आणि उठले. उठताना उजवा पाय पुढे ठेवला होता. लेक जवळ उभी होती, पण तिने मला हात लावला नाही. तिला तसे सांगितले होते.

या काळात गुरुजींनी मला दोन गोष्टी शिकवल्या. पहिली दृष्टीची. इआयदोत नजर दूरच्या डोंगराकडे पाहावे तशी ठेवतात. समोरचा माणूस डोक्यापासून पायांपर्यंत दिसतो आणि आजूबाजूचेही दिसत राहते. माझी नजर सतत पायांपाशी असे. खाली पाहिले की डोके पुढे जाते, पाठ वाकते आणि शरीराचा तोल पुढे कलतो. वाट खडबडीत असेल तर खाली पाहायलाच हवे, हे खरे. पण पायाखालचे चार पावले आधी पाहून ठेवावे आणि मग मान वर घ्यावी. अराकावा नदीच्या बांधावर मी सकाळी फिरायला जाई. हिवाळ्यातल्या निरभ्र दिवशी तिथून दूर फुजी पर्वत दिसतो. त्याच्यावर नजर ठेवून चालण्याचा मी सराव केला. ढग असले की मनातल्या मनात अजिंक्यतारा तिथे आणून ठेवत असे.

दुसरी गोष्ट तलवार म्यान करण्याची. तिला ‘नोतो’ म्हणतात. मला वाटायचे, वार झाला म्हणजे सगळे झाले. पाहणाऱ्याचे लक्षही वारावरच असते. पण नवशिक्याला इजा होण्याचे मोठे भय असते ते तलवार म्यानात परत घालताना. डाव्या हाताने म्यानाचे तोंड झाकून धरायचे, पात्याची बोथट पाठ अंगठा आणि तर्जनी यांच्या बेचक्यावरून सरकवत न्यायची, टोक त्या तोंडाशी आले की आत घ्यायचे आणि मग म्यान व पाते एकमेकांकडे संथपणे आणायचे. हे सगळे खाली न पाहता. कारण नजर अजून पडलेल्या प्रतिस्पर्ध्यावर असते. काम झाले असे मानून मन निघून गेले की टोक हाताला लागते. गुरुजींनी आपल्या डाव्या हाताच्या बेचक्यातला एक जुना पांढरा व्रण मला दाखवला आणि हसून म्हणाले, “त्या दिवशी मला रात्रीच्या जेवणाची आठवण झाली होती.”

लेकीने ते वाक्य मराठीत सांगितले आणि मी गप्प झाले. आमच्या गॅलरीत नेमके हेच झाले होते. खुर्चीतून उठवण्याचे काम अजून संपले नव्हते आणि माझे मन फोनपाशी पोहोचले होते.

पुढे वाचनात आले की वैद्यकशास्त्रानेही हे पारखले आहे. १९९७ साली स्वीडनमधील संशोधकांनी वृद्धाश्रमातील माणसांचे निरीक्षण केले. चालताना कुणी बोलायला लागले की ज्यांना थांबूनच उत्तर द्यावे लागे, ते पुढच्या सहा महिन्यांत पडण्याची शक्यता बरीच अधिक असल्याचे त्यांना आढळले. वय वाढले की चालणे आपोआप होत नाही, त्याला लक्ष द्यावे लागते; ते लक्ष दुसरीकडे खेचले की तोल जातो. म्हणून वृद्ध माणूस उठत असताना, वळत असताना, उंबरठा ओलांडत असताना त्याच्याशी बोलू नये, त्याला हाक मारू नये. दिलासा देणारी गोष्टही सांगते: तोल आणि पायांची ताकद वाढवणारे व्यायाम नियमित केल्यास घरी राहणाऱ्या वृद्धांचे पडणे सुमारे पाव हिश्श्याने कमी होते, असे अनेक अभ्यासांच्या एकत्रित पाहणीतून दिसले आहे. त्यासाठी तलवार लागत नाही; भिंतीला टेकलेली खुर्ची पुरते.

फेब्रुवारीतल्या एका शनिवारी आम्ही घरी आलो. लेक तलवार पुसत बसली होती. मऊ कापडाने ती पाते मुठीपासून टोकाकडे पुसत होती, धार नसलेल्या पात्यालाही धार असल्यासारखे जपून. मी म्हटले, “बाबा न्हाणीघरात पडले नव्हते.” आणि सगळे सांगितले. ती पुसत होती ती थांबली नाही. टोकापर्यंत पुसून झाल्यावर तिने तलवार म्यानात घातली, खाली ठेवली आणि मग माझ्याकडे पाहिले.

“मला माहीत होतं, आई,” ती म्हणाली. “त्या रविवारी तू फोन उचलला नाहीस. दुसऱ्या दिवशी म्हणालीस, काल सातच्या सुमाराला बाबा घसरले. सातला फोन मीच करत होते. मी बारा वेळा वाजू दिला.”

तिला माहीत आहे हे मला माहीत नव्हते, आणि मला ठाऊक आहे हे तिला कधी कळू द्यायचे नव्हते. दीड वर्ष आम्ही दोघी एकमेकींना जपत होतो आणि दोघी एकेकट्या होतो. त्या रात्री आम्ही उशिरापर्यंत बोललो. ‘तुझी चूक नव्हती’ असे आम्ही एकमेकींना म्हटले नाही. माझी घाई झाली होती, हे खरे होते. सहा वर्षे मी घाई केली नव्हती, हेही खरे होते. ही दुसरी गोष्ट तिने मला आठवून दिली.

निघण्यापूर्वीच्या शेवटच्या शनिवारी गुरुजींनी लाकडी तलवार माझ्या हाती दिली. तीन महिन्यांत मी इआयदो शिकले असे म्हणणे हास्यास्पद होईल. मी एकदा तलवार उपसली आणि एकदा म्यान केली, एवढेच. उपसताना हात थरथरला. म्यान करताना मात्र मी पुरता वेळ घेतला. तलवार आत गेल्यावरही गुरुजींनी मला हलू दिले नाही. क्रिया संपल्यानंतर टिकून राहणाऱ्या सावधपणाला तिकडे ‘झानशिन’ म्हणतात, म्हणजे मागे उरलेले मन. मग आम्ही सर्वांनी एकमेकांना वाकून नमस्कार केला. त्या ८२ वर्षांच्या गृहस्थांनी मला जरा अधिकच खाली वाकून नमस्कार केला, असे मला वाटले.

साताऱ्याला परतून आता वर्ष होत आले. शेजारच्या आळीत माझ्याच वयाची एक मैत्रीण अर्धांगवाताने आजारी असलेल्या पतीची सेवा करते. तिला मी जे सांगते ते इथे लिहून ठेवते, कारण ते कुणी मला वेळेवर सांगितले होते आणि मी एका क्षणी विसरले होते. माणसाला दंडाला धरून ओढून उठवू नये. त्याने खांदाही दुखावतो. त्याला खुर्चीच्या कडेपर्यंत सरकू द्यावे, पावले नीट टेकू द्यावीत, हातांवर भार देऊन पुढे झुकू द्यावे आणि आपण दुबळ्या बाजूला उभे राहावे. अंथरुणातून उठताना आधी कडेला बसवून थोडा वेळ थांबावे. उभे राहिल्यावर ‘ठीक वाटतंय ना?’ असे विचारून उत्तर ऐकावे आणि मगच पहिले पाऊल टाकू द्यावे.

एवढे करूनही कुणी पडलेच, तर लगेच उचलण्याची धडपड करू नये. डोक्याला मार लागला आहे का, खुब्यात तीव्र वेदना आहेत का, पाय आखूड किंवा बाहेर वळलेला दिसतो का, हे पाहावे. तसे असेल तर न हलवता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. रक्त पातळ ठेवणारे औषध चालू असलेल्या माणसाच्या डोक्याला मार लागला असेल, तर तो बरा दिसला तरी डॉक्टरांना दाखवावे. इजा नसेल तर त्याला कुशीवर वळू द्यावे, मग हात-गुडघ्यांवर येऊ द्यावे, भक्कम खुर्ची समोर आणून ठेवावी, दोन्ही हात तिच्यावर टेकवून त्याने बळकट पाय पुढे घ्यावा आणि उठावे. उठायची ही रीत आपल्याला येते का, हे डॉक्टरांना विचारून, कुणी जवळ असताना, पडण्याच्या आधीच करून पाहावे. ज्यांच्या गुडघ्यांवर किंवा खुब्यावर शस्त्रक्रिया झाली आहे त्यांनी जमिनीवर बसण्याचा हट्ट धरू नये.

आणि परगावी असलेल्या मुलांसाठी एक गोष्ट. आमच्या घरी आता ठरले आहे: लेक आधी निरोप पाठवते, दहा मिनिटांनी फोन करते आणि उचलला नाही तर पुन्हा दहा मिनिटांनी करते. मी वाजत्या फोनकडे धावत नाही.

रविवारी संध्याकाळी मी गॅलरीत त्याच खुर्चीत बसते. समोर अजिंक्यतारा दिसतो. फोन वाजतो. मी पावले मागे घेते, पुढे झुकते, उठते, दोन श्वास थांबते. उंबरठा ओलांडते. फोन बहुधा अजून वाजतच असतो.